मांजरीला आग्रह करू नये

आमच्याकडे जेवून गेलेला माणूस जिना उतरताना कठडा धरतो. हे मी कौतुकानेच सांगत असे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाक शिकवला नाही, वाढायला शिकवलं. पाहुणा 'नको' म्हणाला की एक वाढायचं, 'अगदी नको' म्हणाला की अर्धं, आणि पानावर आडवा हात धरलाच तर बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. मी बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात नोकरी केली, बढत्या घेतल्या, पण नातेवाइकांत माझी ओळख एवढीच की हिच्या हातून अर्धपोटी सुटता येत नाही. जावई तर म्हणतात की सासुरवाडीला येताना मी पट्टा घरी ठेवून येतो. मी हसायचे आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकायचे.

अशा घरात ती आली, आणि जेवेना.

मांजरं घ्यायची कल्पना मुलीची. ती ठाण्याला असते आणि दर रविवारी विठ्ठलवाडीच्या पुढे, एका गोदामामागे चालणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला जाते. तिथे पिंजरे धुते, औषधं देते आणि आम्हाला फोटो पाठवते. आम्ही दोघं डोंबिवलीत, कोपर स्टेशनच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. ह्यांची पूजा नऊला आटोपते, पेपर दहाला, आणि त्यानंतर संध्याकाळच्या फेरीपर्यंत ह्यांचं सगळं लक्ष माझ्यावर असतं. त्यामुळे घरात तिसरं कोणीतरी हवं हे मला मुलीच्या आधीच पटलेलं होतं. फक्त माझ्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र, गुबगुबीत पिल्लू होतं. मुलीने शनिवारी सकाळी टोपलीतून जी जोडी आणली, ती बघून ह्यांनी चष्मा काढून पुसला.

थोरला बोका भगवा आणि एका डोळ्याचा. दुसरा डोळा लहानपणी सर्दीच्या कसल्याशा संसर्गात गेलेला. ती सर्दी अधूनमधून परत येते, मग तो अशा ताकदीने शिंकतो की भिंत पुसावी लागते. धाकटी करडी, पट्ट्यापट्ट्यांची. तिला हिरड्यांचा जुना आजार. तोंड इतकं सुजायचं की शेवटी निवाऱ्यातल्यांनी तिचे सगळे दात काढून घेतले होते. वय अंदाजे चार आणि तोंडाचं बोळकं.

"दोघं एकत्रच जाणार," मुलगी म्हणाली. "एकमेकांशिवाय राहत नाहीत ते. आणि आई, अशांना कोणी नेत नाही गं."

ती असं 'गं' म्हणाली की मी विरघळते, हे तिला पाचव्या वर्षापासून माहीत आहे. पुढच्या रविवारपर्यंत बघायचं आणि जमलं तर कागदावर सही करायची, असं ठरलं. नावंही तेव्हाच ठेवू, असं ह्यांनी जाहीर केलं, कारण एकदा नाव ठेवलं की परत पाठवता येत नाही. तोवर नुसतं थोरला आणि धाकटी.

थोरल्याने देवघर हुंगलं, सोफा हुंगला, बशीभर खाणं संपवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून वाढलं. त्याने तेही संपवलं. असा पाहुणा मला गेल्या दहा वर्षांत मिळाला नव्हता. धाकटी मात्र टोपलीतून निघाली ती तडक शिवणाच्या मशीनखाली गेली आणि पॅडलच्या मागे अंगाची जुडी करून बसली. खाणं पुढे सरकवलं तर तिने मान वळवली.

नवीन जागा आहे, बुजली असेल, असं म्हणून शनिवार गेला. रविवारी सकाळीही बशी तशीच. निवाऱ्याने दिलेलं पाकिटातलं खाणं तिला आवडत नसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला न जेवणाऱ्या माणसाचं दुसरं कारण सुचतच नाही. पदार्थ आवडला नसेल, तर पदार्थ बदलायचा.

आम्ही शाकाहारी. कोपर पुलाच्या बाजूला खाडीवरच्या कोळणी पाट्या घेऊन बसतात, तिथून मी चाळीस वर्षं नाकाला पदर, मग रुमाल आणि आता ओढणी लावून गेलेली आहे. त्या रविवारी मी त्यातल्या एकीसमोर जाऊन उभी राहिले.

"काय गो बाय, वाट चुकलीस?" ती म्हणाली. म्हणजे तिने माझी ओढणी इतकी वर्षं पाहून ठेवली होती.

मी मांजरीची सगळी हकीकत सांगितली. दात नाहीत म्हटल्यावर तिने पाटीतले मासे बाजूला सारले आणि खालून निराळे काढले. "उकल, काटा सगला काढ, बोटांनी मऊ कर. मीठ नको, कांदा-लसूण नको. कोमट असताना तिच्यापुढं ठेव आन् तू बाजूला हो."

बाकीचं सगळं मी मनात लिहून घेतलं. शेवटचं वाक्य ऐकलंच नाही.

मासे शिजवायला गॅलरीत जुनी विजेची शेगडी मांडली. ह्यांनी आतून गॅलरीचं दार लावून घेतलं आणि काचेतून मला खुणा करत राहिले. काटे काढताना मी तीन वेळा ओढणी नाकावर ओढून घेतली. पण वाटीत तो मऊ गोळा तयार झाल्यावर त्याचा मला चक्क अभिमान वाटला. मशीनखाली नेऊन ठेवला, जरा स्वयंपाकघरात गेले, परत आले तर वाटी चाटून लखलखीत! मी मुलीला फोन केला, बहिणीला केला, शेजारणीला हाक मारली. सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारून झाल्यावर थोरला सोफ्याखालून बाहेर आला. त्याच्या मिशांना मासा लागलेला होता.

सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहून लहान मुलगी, केस वर बांधलेले आणि हातावर मांजरांच्या नखांची पांढरी नक्षी. तिने धाकटीचं तोंड उघडून टॉर्च मारला, पोट चाचपलं आणि वजन केलं. दोन किलोला थोडं कमीच भरलं.

"काकू, जखमा मस्त भरल्यायत. हिला आता दुखत नाहीये," ती म्हणाली. "पण खाल्लं की दुखतं, हे तिच्या डोक्यात बसलंय. त्यात नवीन घर."

"मग खाईल ना हळूहळू?"

"हळूहळू नाही चालत मांजरांना. तीन-चार दिवस पोटात काही गेलं नाही की लिव्हर खराब व्हायला लागतं. आज मी कातडीखालून सलाइन देते. बुधवारी सकाळपर्यंत स्वतःहून काही खाल्लं तर ठीक, नाहीतर खाणं द्यायला मानेतून नळी टाकावी लागेल. आणि त्यासाठी परत भूल द्यायची म्हणजे..." तिने काट्यावरच्या आकड्याकडे बघितलं. "या वजनाला मला ते नको वाटतंय."

रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसले होते. आतून काही आवाज येत नव्हता, म्हणून मी सारखी झाकण उघडून बघत होते. दोन दिवसांची ओळख. पण त्या रिक्षात मला कळलं की हिला काही झालं तर मी सही करणार नाही, थोरलाही परत जाईल, आणि मी पुन्हा कधी कोणत्या प्राण्याकडे बघणार नाही. मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी स्वयंपाक करते.

मंगळवारी सकाळी माझ्या शेगडीवर काय नव्हतं! मासा होता. शेजारणीने खास उकडून पाठवलेलं कोंबडीचं पाणी होतं. पाकिटातलं खाणं कोमट करून मऊ केलं होतं. भाताची पेज होती. सगळं मी चार वाट्यांत घातलं, वाट्या स्टीलच्या ताटात लावल्या आणि ताट मशीनखाली सरकवलं. पोळ्यांची टोपली तेवढी ठेवायची राहिली होती. मग मशीनसमोर फरशीवर फतकल मारून बसले. एका बाजूला हे स्टुलावर, दुसऱ्या बाजूला शेजारीण आणि तिच्या मागे तिची सून. आम्ही चौघं आणि ती एवढीशी.

"घे गं बाई, एक घास."

"अगं, बघ तरी किती छान वास येतोय."

"काकू, ती वाटी पुढे करा."

बोटावर घेऊन तिच्या तोंडाला लावलं. तिने जीभ न लावता तोंड फिरवलं. दुसऱ्या बोटावर दुसरा पदार्थ घेतला. मी "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" सुद्धा म्हणून पाहिलं, आणि मांजरीला चिऊचा घास देताना मला काही वावगं वाटलं नाही, यावरून माझ्या डोक्याची अवस्था समजावी. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. आता मागे जागा नव्हती. मी आडवी झाले आणि वाटी हातभर आत सारली.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी फोन उलटा धरून तिला सगळा सोहळा दाखवला.

"आई, बाजूला हो!" फोनमधून आवाज फुटला. "सगळे बाजूला व्हा! काय करताय तुम्ही?"

"अगं, दोन घास तरी..."

"तिला सोड आई. तू अशी समोर बसून तोंडाकडे बघत राहिलीस ना, की घसा बंद होतो. मला माहितेय."

शेजारणीला घरी कुकर आठवला. सुनेलाही तोच कुकर आठवला.

"तुला माहितेय म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काही नाही. मी मीटिंगला चाललेय. रात्री बोलते." फोन बंद.

मी फरशीवरून उठले नाही. मुलगी तिसरीत असताना तिने तोंडलीची भाजी टाकली होती, ते मला आठवलं. पानातलं संपल्याशिवाय उठायचं नाही, असं सांगून मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते. साडेअकराला बसलो, पावणेतीनला उठलो. भाजी संपली होती. मी जिंकले, आणि हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं हळदीकुंकवाला रंगवून सांगितला. सगळ्या बायका हसायच्या. मुलगी तिथेच असायची. ती हसत होती का, ते मी कधी बघितलं नाही.

आणि आता ती येते तेव्हा कल्याणला काम आटोपून येते, विठ्ठलवाडीहून येते, पण दर वेळी वाटेवरून फोन करते की मी खाऊन आलेय. मला वाटायचं बारीक व्हायचं खूळ आहे. मी मशीनला टेकून रडले. साठी उलटल्यावर एका मांजरीच्या निमित्ताने असं काही कळावं, याचा मला रागही आला.

साडेबारा झाले होते, नैवेद्याची वेळ. ह्यांनी हात धुतले, स्वयंपाकघरातून वरण-भात, भाजी, पोळी छोट्या ताटलीत वाढून आणली, देवासमोर पाण्याचं मंडल काढून त्यावर ठेवली, हात जोडले आणि देवघराचा पडदा ओढला. ह्यांच्या वडिलांकडे गावच्या देवळाची पूजा होती. नैवेद्य दाखवला की गाभाऱ्याचा पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं, ही तिथली शिस्त. ती ह्यांनी डोंबिवलीच्या दोन फूट देवघरातही चालू ठेवली आहे. लग्नापासून मी हे सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज बघते, आणि त्या वेळी पोळ्यांवर तूप लावते.

पडदा ओढून हे पाठमोरे उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "देवासमोर तू अशी फतकल मारून बसली असतीस ना, तर तोही इतकी वर्षं उपाशी राहिला असता."

चिडायचं मनात होतं. पण मी उठले.

ताट काढलं, चार वाट्या काढल्या. साध्या पसरट बशीत मासा घेतला, तोही दोन चमचेच. दोन चमचे वाढताना माझा हात अक्षरशः थांबेना, पण थांबवला. बशी मशीनखाली ठेवली आणि मशीनवरून जुनी चादर खाली सोडली, अगदी जमिनीपर्यंत. थोरल्याला ह्यांनी उचलून गॅलरीत नेलं आणि दार लावून घेतलं, म्हणजे या वेळी मिशा तपासायची भानगड नको. मी मेथीची जुडी घेतली आणि चादरीकडे पाठ करून बसले.

आयुष्यात मी इतकी वाईट मेथी कधी निवडली नाही. पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात. मान आपोआप वळत होती, ती मी हाताने धरून पुढे ठेवत होते. पाच मिनिटं झाली, काही नाही. दहा मिनिटं झाली. गॅलरीतून ह्यांनी काचेवर नाक लावून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. बुधवारची सकाळ, ती नळी, ती भूल, सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. एकदाच, फक्त चादर जराशी उचलून बघावं, एवढंच वाटत होतं.

मग बशी फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

बारीकसा, खर्रर्र असा. थांबला. परत आला. दात नसलेली मांजर जिभेने खाते, आणि जीभ बशीला ढकलत नेते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बशी सरकत सरकत मशीनच्या लोखंडी पायाला टेकली आणि तिथे टक् टक् वाजत राहिली. मी मेथीत तोंड खुपसून रडले, म्हणजे त्या दिवशी दुसऱ्यांदा, पण निराळं. काचेपलीकडे ह्यांनी थोरल्याचे पुढचे दोन्ही पाय धरून त्याच्या टाळ्या वाजवल्या. तो शिंकला.

संध्याकाळी परत दोन चमचे, परत चादर, परत पाठ. बुधवारी सकाळी डॉक्टरकडे गेले ती रिकामी बशी पिशवीत घालून, पुरावा म्हणून. ती हसली. नळी नको म्हणाली.

"काय केलंत काकू?"

"काही नाही. गप्प बसले."

"तुम्ही?" ती बोलून गेली. आमची ओळख दोन दिवसांची होती, तरी.

रविवारी मुलगी कागद घेऊन आली. वाटेवरून नेहमीसारखा फोन आला होता. "आई, मी खाऊन येतेय हं." मी "बरं" म्हणाले. लाइन गेली की काय असं वाटून तिने पलीकडून दोनदा हॅलो हॅलो केलं.

आम्ही सह्या केल्या. नावं ठेवली. ती इथे सांगत नाही, कारण धाकटीच्या नावाच्या एक काकू आमच्याच सोसायटीत निघाल्या आणि त्यांनी ते अजून मनाला लावून घेतलेलं आहे. धाकटी आता मशीनच्या खाली नाही, वर बसते. चादरीशिवाय जेवते, पण मी समोर दिसले की थांबून माझ्याकडे एकदा बघते. मग मी पाठ करते.

तर त्या रविवारी जेवायची वेळ झाली. मटारची उसळ, भरीत, वरण-भात. मी टेबलावर सगळी भांडी मांडली, ताटं पालथी ठेवली आणि म्हटलं, "आम्ही बसतोय. तुला वाटलं तर घे." हे भुवया वर करून टेबलाशी बसले. मुलगी आश्चर्याने माझ्याकडे बघत होती. मला पापड भाजायचे आहेत, असं सांगून मी स्वयंपाकघरात आले आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिले. पापड नव्हतेच. पापडाचा डबा गेल्या आठवड्यातच संपला होता.

बाहेर ताट सुलटं केल्याचा आवाज आला. भाताचा डाव पातेल्याला लागला. मग बराच वेळ ह्यांचंच काहीतरी बोलणं, थोरल्याच्या शिंकेबद्दल. मी ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. मान वळत होती, धरून ठेवली. मग पुन्हा पातेल्याला डाव लागला, आणि या वेळी तळाशी लागला.

"आई," तिचा आवाज आला. "भात आहे अजून?"

कुकर माझ्या हाताशी होता. दुसरा डबा गच्च भरलेला. घेऊन धावत जावं आणि ढीग वाढावा, वर तूप सोडावं, असं माझे दोन्ही हात म्हणत होते.

"आहे," मी गॅसकडे बघतच म्हटलं. "ये, हवा तेवढा घेऊन जा."